कोपरारक्षकाची सेवापुस्तिका

कबड्डीचा सामना सुरू झाला की बाकीचे लोक गुण मोजतात. खळदकर रजा मोजतात.

म्हणजे असं, की चढाईला गेलेला आपला गडी पकडला गेला आणि बाद होऊन बाकावर जाऊन बसला, की आमच्या तोंडून "अरेरे" निघतं आणि खळदकरांच्या तोंडून "किरकोळ रजा". तोच गडी तीन मिनिटांनी जिवंत होऊन मॅटवर आला की ते घड्याळ बघून कागदावर टिपतात, "कामावर परत." पंचांनी हिरवं कार्ड दाखवलं की "तोंडी समज". पिवळं कार्ड दाखवून गड्याला दोन मिनिटं बाहेर काढलं, की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. "निलंबन," ते हळूच म्हणतात, घरातलं कुणी आजारी पडल्याचं सांगावं तसं. "आणि तेही चौकशीशिवाय."

हे सगळं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या यूसुफभाई तांबोळींच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चालतं. शेजारी माझं शालेय पुस्तकांचं दुकान. आमच्या दोघांत मिळून एक भिंत आणि एक टीव्ही आहे. टीव्ही दर आठवड्याला वेगळा असतो, कारण तो गिऱ्हाइकाचा असतो. दुरुस्त झालेला संच चार दिवस चालवून बघितल्याशिवाय परत द्यायचा नाही, असा यूसुफभाईंचा नियम आहे. कबड्डीच्या मोसमात त्या चार दिवसांचे दहा होतात. गिऱ्हाईक तक्रार करायला आलं तर यूसुफभाई त्यालाही स्टूल देतात आणि एक-दोन चढाया झाल्या की ते तक्रार विसरतं.

खळदकर एका सरकारी कचेरीत आस्थापना विभागात होते. चौतीस वर्षं. आस्थापना म्हणजे तुमची नेमणूक, बढती, बदली, रजा आणि निवृत्ती जिथे कागदावर येते ती जागा. त्यांच्या टेबलावर शेकडो माणसांच्या सेवापुस्तिका असत. सेवापुस्तिका म्हणजे नोकरदाराची कुंडलीच, फक्त ही खरी ठरते, असं खळदकर म्हणतात. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, पण हाताची सवय गेली नाही. मग त्यांनी काय करावं? आपल्या शहराच्या कबड्डी संघातल्या प्रत्येक खेळाडूची सेवापुस्तिका उघडली. लांबट वह्या, तपकिरी कागदाची वेष्टणं, कोपऱ्याला शिवलेला पांढरा दोरा. आत पहिल्या पानावर नाव, उंची, ओळखीची खूण. ("डाव्या भुवईवर जुनी जखम, टीव्हीवर जवळून दिसते.") पुढे प्रत्येक सामन्याची नोंद आणि शेवटी शेरा. सर्वांत मोठा शेरा "समाधानकारक". त्याच्या वर खळदकर कधी गेले नाहीत. एकदा आमच्या एका गड्याने शेवटच्या चढाईत चार जण बाद करून हरलेला सामना फिरवला. गल्ली नाचत होती, यूसुफभाईंनी समोरच्याला मिठी मारली आणि तो नेमका टीव्हीचा मालक निघाला. खळदकरांनी शेरा लिहिला, "समाधानकारक. तथापि मध्यंतरापूर्वी अधिक प्रयत्न अपेक्षित होते."

त्यांच्या घरी कोण आहे, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुण्यात असं विचारत नाहीत, परस्पर माहीत करून घेतात. पण तेवढंही आमच्याकडून झालं नव्हतं. शनिवार पेठेत राहतात आणि शर्टाला इस्त्री स्वतः करतात, इतकंच ठाऊक होतं. दुपारी चारला येणार आणि आठला उठणार, सामना असला तर तो संपल्यावर. मोसम नसला तरी येणार, बंद टीव्हीसमोर बसून वह्यांची वेष्टणं बदलणार.

खरी मजा यायची ती मोसम संपल्यावर. कुठला खेळाडू ठेवायचा, कुठला सोडायचा, कुणावर किती पैसे लावायचे, यावर आमच्या दुकानात जो काथ्याकूट होई तो खुद्द मालकांच्या बैठकीत होत नसेल. चिन्मय नावाचा एक कॉम्प्युटरवाला वाघोलीहून मोटरसायकलवर यायचा, खास भांडायला. त्याच्याकडे मोबाईलमध्ये सगळ्यांचा हिशोब.

"काका, सिंपल आहे. टीमकडे फिक्स पर्स असते. एका सिनिअरवर एवढं पॅकेज ब्लॉक केलं तर यंगस्टर्स कुठून घेणार? ट्रेड करायचा, मोकळं व्हायचं."

"ट्रेड म्हणजे बदली ना?"

"हो, तसंच."

"विनंती बदली की प्रशासकीय?"

चिन्मय माझ्याकडे बघायचा. मी पुस्तकांवरची धूळ झटकायचो.

"त्याला कुठे जायचंय हे विचारलं का कुणी? त्याची मुलं कुठल्या शाळेत आहेत, हे बघितलं का?"

"काका, त्याला पन्नास लाख मिळतायत!"

"ते ठीक आहे हो," खळदकर म्हणायचे, आणि त्यांच्या कपाळावर खरोखरच आठ्या पडायच्या. "पण फंडाचं काय? उपदानाचं, त्या ग्रॅच्युइटीचं काय? पन्नास लाख एका मोसमाचे. पुढच्या जूनमध्ये त्याला कोण आहे?"

'लिलाव' हा शब्द तर त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. "लिलाव गुळाच्या ढेपांचा होतो. माणसांचा नाही." यूसुफभाई म्हणायचे, "मग काय म्हणायचं साहेब?" खळदकर विचार करून म्हणायचे, "पदस्थापना."

आम्ही हसायचो. पण एक कबूल करायला हवं. आम्ही सगळे संघाची काळजी करत होतो, तो जिंकेल की हरेल याची. हा एकच माणूस संघातल्या माणसांची काळजी करत होता, आणि ती थट्टेची नव्हती. रक्तदाबाची गोळी घेऊन केलेली काळजी होती.

सर्वांत जास्त काळजी नवनाथ उंद्रेची. उजवा कोपरारक्षक, पुण्याजवळच्या मांजरी गावचा, तेहतीस वर्षांचा. समोरचा चढाईपटू वळला की हा मागून असा घोटा धरायचा की त्या बिचाऱ्याला घरची आठवण यावी. आठ मोसम एकाच संघात. त्याची पुस्तिका सगळ्यांत जाड, दोनदा शिवलेली. पण आदल्या वर्षी त्याचा गुडघा गेला. अर्धा मोसम बाकावर बसला. खळदकरांनी तो सगळा काळ "वैद्यकीय रजा, पूर्ण वेतनी" असा लावून टाकला होता आणि व्यवस्थापकीय संचालकांना पत्रही पाठवलं होतं. विषय, कोपरारक्षकाच्या गुडघ्याबाबत. संदर्भ, कालचा सामना. उत्तर आलं नाही. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर संघाकडून त्यांना एक टोपी आली. खळदकरांनी ती "आवक" म्हणून नोंदली आणि यूसुफभाईंना दिली.

मग कायम ठेवायच्या खेळाडूंची यादी जाहीर झाली. चिन्मयने मोबाईलवर वाचून दाखवली. नवनाथचं नाव नव्हतं.

"परत वाचा," खळदकर म्हणाले.

त्याने परत वाचली.

"आडनावाने बघा. उ वर."

"नाहीये, काका. रिलीज केलं. राइट डिसिजन आहे, बाय द वे. एज, सर्जरी..."

"दोन मोसमांनी त्याची पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरली असती," खळदकर म्हणाले, आणि ते चिन्मयशी बोलत नव्हते. त्या दिवशी ते सहालाच उठले. चौतीस वर्षांत कचेरीतून लवकर न निघालेला माणूस.

पुढचे वीस-पंचवीस दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना घोर लावला. दुसरा कुठलातरी संघ नवनाथला घेईल की नाही, हाच एक विषय. कुठल्या संघाचा कोपरा रिकामा, कुणाचा गडी जायबंदी, याची एक यादी त्यांनी केली आणि ती खिशात घेऊन फिरू लागले. "सेवाखंड होता कामा नये," एवढंच पुटपुटायचे. नोकरीत मध्येच खंड पडला की आधीची सगळी वर्षं वाया जातात, ही आस्थापनावाल्यांची जन्माची भीती. खळदकरांनी आपल्या टेबलावर कुणाचा खंड होऊ दिला नव्हता. एका शिपायाचा एक दिवसाचा खंड मिटवायला ते म्हणे सात महिने भांडले होते.

लिलावाच्या, म्हणजे पदस्थापनेच्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. नवनाथचं नाव आलं. पडद्यावर त्याचा हसरा फोटो. मूळ किंमत सांगितली. पुकारणाऱ्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. गोल टेबलांभोवती बसलेली माणसं पाण्याचे घोट घेत होती. एकाने फोन बघितला. तिसऱ्यांदा विचारून झालं आणि हातोडा पडला. पुढचं नाव.

सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. खळदकर म्हणाले, "एक शब्दसुद्धा नाही? आठ वर्षं सेवा केलेल्या माणसाला?" मग माझ्याकडे वळले. "हार नको? नारळ नको? असं जायचं असतं का?"

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण मला त्यांची फार दया आली आणि मी म्हणालो, "मग आपण करू या निरोप समारंभ."

झालं. दुसऱ्या दिवशी मसुदा तयार. निरोप समारंभ ही खळदकरांच्या हातखंड्याची गोष्ट होती. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, दोन सहकाऱ्यांची मनोगतं, सत्काराला उत्तर, अल्पोपाहार. नारायण पेठेतला एक लहान हॉल ठरला. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर त्यांनीच लिहिला आणि छापखान्यात मी दिला, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे.

"श्री. नवनाथ उंद्रे, उजवे कोपरारक्षक, हे नियत सेवाकाल पूर्ण करून सेवानिवृत्त होत असल्याने त्यांना निरोप देण्याचा हृद्य सोहळा..." आणि खाली ठळक अक्षरांत, "सत्कारमूर्तींनी सपत्नीक उपस्थित राहावे, ही आग्रहाची विनंती."

या सपत्नीकवर त्यांचा एवढा जोर होता की मी चकित झालो. "एकटे आले तर?" मी विचारलं. "तर कार्यक्रम होणार नाही," खळदकर म्हणाले. पत्रिका त्यांनी पोस्टाने मांजरीला पाठवली. चिन्मयने तिचा फोटो काढून कबड्डीच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. "लेजंड रिटायर्स," असं वर लिहून.

पाचव्या दिवशी, दुपारी साडेचारला, एक पिकअप गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. खाली उतरला तो माणूस टीव्हीवर दिसतो त्याहून बराच मोठा होता. एक पाय किंचित जपून टाकत तो आला. मागे त्याची बायको. हातात पत्रिका.

"खळदकर कोन हाय?"

खळदकर स्टुलावरून उठले. ज्याची उंची टीव्हीवर बघून वहीत लिहिली होती तो समोर उभा. त्यांचा चेहरा उजळला. "या, या. आपण येणार असं कळवलं असतंत तर..."

"मी रिटायर झालो, असं तुमाला कुनी सांगितलं?"

गल्लीत तपकीर गल्लीच्या मानाने शांतता पसरली.

"एका टीमचा कोपरा सरावात जखमी झालाय. त्यांचा कोच मला बोलवनार व्हता, त्याच्या जागेवर. त्यांच्या मानसानं तसं सांगितलं व्हतं मला. चार दिस फोनची वाट बघितली. काल मीच केला. तर तो म्हनतो, तू तर रिटायर झालास, कार्ड आलंय आमच्याकडं. शाल घे म्हनला अन् घरी बस." त्याने पत्रिका काउंटरवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. "आठ वर्सं मी गुडघे फोडून घेतले. तुमी एका कार्डात संपवलं मला. माझं काय वाकडं केलं व्हतं मी तुमचं?"

खळदकरांनी पत्रिका उचलली. चष्मा वर केला, खाली केला. स्वतःच लिहिलेला मजकूर कुणी परका वाचावा तसा वाचला. "सेवानिवृत्त," ते म्हणाले. "आदेश नसताना मी सेवानिवृत्त लिहिलं." मी पाणी दिलं तर ते त्यांनी नवनाथच्याच हातात दिलं. "मी तुमचा खंड केला," ते म्हणाले. "मी."

एखाद्याने माफी मागितली असती. खळदकरांनी कागद मागितला. उभ्याउभ्या, काउंटरवर, त्यांनी शुद्धिपत्रक लिहिलं. "या निमंत्रणपत्रिकेतील 'सेवानिवृत्त होत असल्याने' हे शब्द वगळण्यात यावेत. श्री. उंद्रे हे सेवेत असून कोणत्याही संघाकडून बोलावणे येताच उपलब्ध आहेत. सदर चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची आहे." खाली सही. चिन्मयला फोन करून बोलावलं आणि सांगितलं, जिथे जिथे ते पाठवलंत तिथे तिथे हे पाठवा, एकही जागा सुटता कामा नये. चिन्मय, जो कधी गप्प बसत नसे, निमूट मोबाईल काढून बसला.

पण कोचचं काय? तो हरियाणाचा. खळदकरांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात. शेवटी नवनाथच्या फोनवरून यूसुफभाई बोलायला बसले आणि खळदकर शेजारी उभे राहून सांगू लागले.

"त्यांना सांगा, सदर कर्मचारी सेवेत आहे."

"साहब, लडका खेल रहा है," यूसुफभाई फोनवर म्हणाले. "एकदम फिट है. वो कार्ड जिसने छापा ना, बुढ्ढा सठिया गया है. दिल का अच्छा है, मगर सरकारी नौकरी में था."

"मी एवढं लांब वाक्य दिलं नव्हतं," खळदकर म्हणाले.

"भाषांतरात वाढतं थोडं."

"मला कळलं ते. मान्य आहे. सांगा पुढे."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. यूसुफभाई 'जी' आणि 'जी हां' करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "पुढच्या सोमवारी बोलावलंय. गुडघा तपासणार, दोन दिवस मैदानावर बघणार, मग ठरवणार. शब्द दिला नाही. बघतो म्हणाला."

नवनाथचा राग उतरला नव्हता, पण त्याला आता बसावंसं वाटलं. दुसरं स्टूल रिकामं नव्हतं, खळदकरांनी आपलंच त्याच्यापुढे सरकवलं. त्याची बायको दाराशी उभी होती. सुवर्णा तिचं नाव. तिची नजर फळीवरच्या तपकिरी वह्यांवर गेली होती. सगळ्यांत जाड वहीवर नवऱ्याचं नाव बघून तिने विचारलं, "ह्ये काय हाय?"

खळदकरांनी वही तिच्या हातात दिली. ती उभ्याने वाचू लागली, बोट फिरवत. दोन पानं झाली, चार झाली. मग ती थांबली.

"तुमचं बोट मोडलं व्हतं?" तिने नवऱ्याला विचारलं. "पाटण्याला?"

"किती जुनं हाय ते."

"मला फोनवर म्हनला, मॅच चांगली झाली." तिने पुढचं पान उलटलं. "अन् ह्ये बघा. 'कन्यारत्न झाल्याचे समालोचकाकडून समजले. रजा मागितली नाही. मागायला हवी होती.'" वही मिटून तिने छातीशी धरली. एवढी वर्षं नवरा कुठे असतो आणि काय करतो ते तिला एका अनोळखी म्हाताऱ्याच्या वहीतून कळत होतं. तिने खळदकरांकडे बघून सरळ विचारलं, "काका, एवढं सगळं तुमी लिवता, एवढा जीव लावता, मग ह्यास्नी घरी बसवायची घाई का झाली तुमाला?"

आम्ही एवढी वर्षं शेजारी बसून हा प्रश्न विचारला नव्हता.

खळदकर फळीवरच्या वह्या सरळ करू लागले. मग म्हणाले, "घाई यांच्यासाठी नव्हती हो. मी निवृत्त झालो तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. कचेरीला कुलूप. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आदेश मोबाईलवर आला. मी इस्त्रीचे कपडे घालून घरात बसलो होतो. पाच वाजले, मग सहा वाजले. तेव्हा कपडे बदलले."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे निरोप समारंभाला बायकोला घेऊन यायचं असतं. एरवी कचेरीत कुटुंब आणायची पद्धत नाही. त्या दिवशी मात्र साहेबांशेजारी तिची खुर्ची असते. नवरा बसायचा ती जागा तिला दाखवतात. सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो, सपत्नीक यावे म्हणून. घरी गेलो की आमची ही विचारायची, आज कुणाच्या मिसेस आल्या होत्या, त्यांना काय वाटलं. तिला फार इच्छा होती. एकदा सहज घेऊन चला म्हणायची, नुसतं टेबल बघते. मी म्हणायचो, माझ्या वेळेला ये. नियमात बसत नव्हतं." ते थांबले. "पुढच्या वर्षी ती गेली. माझं टेबल तिने बघितलंच नाही. मला वाटलं, निदान यांच्या घरच्यांनी तरी बघावं, आपला माणूस काय होता ते. त्यात बाकी काही बघायचं राहून गेलं माझं."

मला माझीच लाज वाटली. चार वर्षं मी या माणसाच्या इस्त्रीवर विनोद करत होतो.

सुवर्णाने दुकानात एकवार नजर फिरवली. सुटे केलेले संच, तारांची भेंडोळी, फळी, वह्या. मग नवऱ्याला म्हणाली, "उठा. ते त्यांचं स्टूल हाय." नवनाथ लगेच उठला. ती खळदकरांना म्हणाली, "बसा की काका. बघू द्या मला."

"हे स्टूल यूसुफभाईंचं आहे," खळदकर म्हणाले. "मी इथे तात्पुरता."

"बसा हो साहेब," यूसुफभाई म्हणाले. "कायम केलं तुम्हाला."

खळदकर बसले. ती बाई त्यांच्याकडे नीट, सावकाश बघत राहिली, देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी. मग "चांगली जागा हाय," म्हणाली.

निघताना खळदकरांनी जाड वही तिच्याकडेच दिली. माणूस नव्या जागी गेला की त्याची पुस्तिकाही मागोमाग जाते, अशी पद्धत आहे म्हणाले. "आणि नाही घेतलं तिथे, तर?" नवनाथने विचारलं. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, नुसती भीती होती.

त्या सोमवारपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. हॉल रद्द झाला. शाल परत द्यायला मी गेलो तर दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवलं, तिच्यावर 'परत घेणार नाही' आणि 'विचारू नये' असं दोन्ही लिहिलं होतं. खळदकर चारच्या ऐवजी अकराला येऊ लागले. बुधवारी, म्हणजे निकालाच्या दिवशी, दुकान उघडायच्या आधीच पायरीवर होते. माझी चूक झाली, माझी चूक झाली, एवढंच त्यांचं चाललं होतं. गुडघ्यामुळे त्याला नाकारलं तरी तो दोष आपल्या पत्रिकेचाच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं आणि त्यावर कुणाचा काही इलाज चालेना. चिन्मय ऑफिस बुडवून आला. यूसुफभाईंनी एकच स्क्रू दहादा काढला आणि बसवला.

दुपारी अडीचला खळदकरांचा फोन वाजला. ते उभे राहिले. साहेबांचा फोन असला की कारकून उभे राहतात तसे. आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"काका, घेतलं. गुडघा चालतोय म्हनला डॉक्टर. आत्ता सही केली. बाहेर आलो अन् पयला फोन तुमाला."

यूसुफभाईंनी हातातला स्क्रू खाली टाकला. चिन्मयने माझा दंड एवढ्या जोरात धरला की दोन दिवस दुखत होता. मग खळदकरांचा आवाज आला तो अगदी कोरडा.

"घरी कळवलंत?"

"न्हाई अजून. आता करतो तिला."

"आधी घरी करायचा. मग बाकीच्यांना. हे चुकीचं आहे, उंद्रे."

"व्हय, काका."

"आणि मला रोज फोन करायची आवश्यकता नाही."

"बरं."

फोन ठेवतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी ठेवला नाही. गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

"केल्यास हरकत नाही," खळदकर म्हणाले.

मग ते स्टुलावर बसले. फोन त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला. जरा वेळाने, आम्ही बघत नाही असं समजून, तो उचलून सुलटा केला आणि वाजला तर ऐकू यावा म्हणून थोडा जवळ ओढून घेतला.